'नाहीतर जेल'

(पेठ वडगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी कधी बसलो नाही. पण त्यांचे दोन विद्यार्थी मला तुरुंग खात्याच्या नोकरीत भेटले. एक माझे वरिष्ठ होते आणि दुसरा बंदी म्हणून बराकीत होता. दोघंही गुरुजींचं नाव सारख्याच आदरानं घ्यायचे. तेव्हापासून वाटायचं की वडगावला बोलायची संधी मिळाली तर याच विषयावर बोलावं.

संयोजकांनी विषय विचारला, मी म्हटलं, "तुरुंगावर बोलतो." फोन क्षणभर गप्प झाला. मग ते हळूच म्हणाले, "साहेब, शेवटचं पुष्प आहे. पोरंही येतात ऐकायला. जरा करिअरबद्दल वगैरे..." मी म्हटलं, "करिअरबद्दलच बोलणार आहे."

आज मुद्दाम पहाटेच आलो. मैदानावर पोरं-पोरी पळत होती. इकडच्या भागात आता हे चित्र गावोगाव दिसतं. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, नंतर शंभर मीटर, मग गोळा. घामानं निथळणाऱ्या एकाला विचारलं, "कशाची तयारी?"

"भरतीची, सर."

"कुठल्या?"

"पोलीस. नाहीतर एसआरपी. नाहीतर जेल."

एसटी चुकली तर वडापनं जाऊ, असं म्हणावं त्या सुरात तो म्हणाला. मला राग आला नाही, कारण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मीही याच वाटेनं आलो. पण हा 'नाहीतर' छोटा नाही. २०२४ साली राज्यात पोलीस भरतीची जी १७,४७१ पदांची जाहिरात निघाली, त्यात १,८०० पदं कारागृह शिपायांची होती. म्हणजे अठराशे घरांतून एकेक माणूस या खात्यात. त्यातल्या किती जणांनी, आपण कुठे चाललोय, याची चार पानं वाचली असतील? आज मला एवढंच सांगायचं आहे की तुरुंग हा अभ्यासाचा विषय आहे. तो अभ्यास करून आत गेलेला माणूस आणि 'नाहीतर' म्हणून आत गेलेला माणूस, या दोघांच्या हातून आतल्या माणसाचं वेगवेगळं होतं.

आधी आत कोण असतं ते पाहू. बाहेरच्यांना वाटतं, तुरुंगात गुन्हेगार असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल सांगतो की देशातल्या तुरुंगांत वर्षअखेरीस ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी होती. न्यायाधीन म्हणजे बोलीभाषेत कच्चे कैदी. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. शंभरातले जवळपास शहात्तर. आणि शंभर माणसांच्या जागेत एकशे एकतीस माणसं राहत होती. ही देशाची सरासरी आहे. ज्यानं बराकीत रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही उठवावं लागतं हे पाहिलंय, त्याला सरासरी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता आमच्या खात्याचं नाव बघा: कारागृह व सुधारसेवा. ज्याचा गुन्हाच ठरलेला नाही, त्याला सुधारायचं म्हणजे काय करायचं? नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला हा प्रश्नच पडला नाही. सकाळी टाळा उघडायचा, गिनती घ्यायची, भत्ता म्हणजे जेवण वाटायचं, नातेवाइकांच्या मुलाखती सोडायच्या, संध्याकाळी पुन्हा गिनती आणि टाळाबंदी. गिनती जुळली की दिवस जिंकला. एकदा संध्याकाळी एक माणूस कमी भरला. तीन वेळा मोजलं. शिट्ट्या झाल्या, सगळे धावले. माणूस सापडला स्वयंपाकघराच्या मागं, उलट्या टोपल्यावर बसून घरून आलेलं पत्र चौथ्यांदा वाचत होता. त्याला वाचायला यायचं नाही, अक्षर लावत होता. मी त्याला खडसावलं आणि आकडा जुळला म्हणून सुटकेचा श्वास टाकला. पत्रात काय होतं, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे आणि ती मी तुरुंगाचं नाव न घेता सांगतो, कारण चूक तुरुंगाची नव्हती, माझी होती. नव्वदच्या दशकात माझ्याकडे न्यायालयीन विभागाचं टेबल होतं. एक ऊसतोड मजूर आत होता. मारामारीची केस. जामीन मंजूर झालेला. पण जामीनदार नाही. त्याच्या कागदावर मी दर वेळी तेच लिहायचो, 'जामीन मंजूर, जामीनदार हजर नाही'. असे चार महिने गेले. हंगाम संपला, टोळी गावाकडं गेली, कोपीच्या जागी नांगरट झाली.

त्या सुमारास समाजकार्याचं शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी आमच्याकडं यायची. खांद्याला झोळी, वय बावीस. तिनं त्याला तीन प्रश्न विचारले. मुकादम कोण? कारखाना कुठला? गावाला सातबारा कुणाच्या नावावर? उत्तरं त्याला तोंडपाठ होती. कुणी विचारलंच नव्हतं. तिनं गावच्या पत्त्यावर पत्र टाकलं. पंधरा-वीस दिवसांनी त्याचा थोरला भाऊ सातबारा आणि तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला टॉवेलात गुंडाळून गेटवर उभा. तोवर घरच्यांना वाटत होतं की पोरगं पळून गेलंय. मी रोज ज्या फाईलवर सही करत होतो, ती तिनं वाचली होती. या कामाला 'सुधारसेवा' का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. एका अनोळखी माणसाच्या कागदात त्याचं घर शोधायचं, ही ती विद्या.

आज या कामाला कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला सांगून ठेवलंय की जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना आहे, तिच्यातून जामिनासाठी पैशाची मदत मिळू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तर प्रत्येक भरतीच्या पोरानं पाठ करावं. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या न्यायाधीन बंद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडण्यासाठी अधीक्षकानं स्वतः न्यायालयाला लेखी अर्ज करायचा. इतरांसाठी निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, एकाहून जास्त खटले असलेल्यांना नाही. म्हणजे तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या चोरीत पहिल्यांदा अडकलेल्या पोराच्या बाबतीत ती तारीख एका वर्षानं येते. ती तारीख कोण मोजणार? संगणक मोजेल, पण संगणकात अटकेची तारीख बरोबर भरली आहे का, हे टेबलावरच्या माणसालाच बघावं लागेल.

आता जरा मागं जाऊ, कारण ही विद्या परदेशातून आली असं अनेकांना वाटतं आणि आपल्या भागाला हे वाटणं शोभत नाही. ब्रिटिशांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांनी रोज चावडीवर जाऊन हजेरी द्यायची. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना राहायला जागा दिली, कामं दिली, पहाऱ्यावर नेमलं. ज्याच्यावर पहारा ठेवायचा, त्यालाच महाराजांनी पहारेकरी केलं. तो कायदा देशातून गेला १९५२ ला. आणि त्याची सावली तुरुंगांच्या नियमपुस्तकांत किती उरली होती, ते मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेमुळं देशासमोर आलं. झाडू कोणी मारायचा, स्वयंपाक कोणी करायचा, हे जातीवरून ठरवणारे नियम ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवले. महाराजांच्या हुकमानंतर एकशे सहा वर्षांनी.

दुसरा प्रयोग शेजारच्या सांगली जिल्ह्यातला. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. १९३९ चं औंध संस्थान, राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मूळचा पोलंडचा, गांधीजींच्या वर्तुळातला अभियंता मॉरिस फ्रिडमन. यांनी ठरवलं की खुनाची शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीविना ठेवून बघू. माळरान दिलं, बायका-मुलांसह राहायला खोल्या दिल्या, शेती करायला सांगितलं. आटपाडीचा माळ म्हणजे काय, हे तिकडं पाहुणे असलेल्यांना ठाऊक आहे. पावसाची वाट बघण्यात माणूस म्हातारा होतो. तशा जागी कुंपण नसताना माणसं टिकली. ही वसाहत आजही आहे. त्याच मुलखातले ग. दि. माडगूळकर. त्यांनी त्यावर कथा लिहिली आणि कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९५७ ला 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनला चित्रपटाला पारितोषिक मिळालं, गाणं शाळाशाळांत प्रार्थना म्हणून गेलं. पण चित्रपटात जेलरची भूमिका शांतारामांनी केली म्हणून आपल्याला तो जेलर देवमाणूस वाटतो. मला त्यात दुसरंच दिसतं. भरवसा किती टाकायचा, कुणावर टाकायचा आणि तुटला तर पुढं काय करायचं, याचा हिशेब करून केलेलं ते काम होतं. हिशेब अभ्यासातून येतो.

हा अभ्यास शिक्षणसंस्थांत यायलाही फार उशीर लागला नाही. १९५१-५२ मध्ये अमेरिकेचे गुन्हेशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस संयुक्त राष्ट्रांतर्फे भारतात आले आणि त्यांनी सांगितलं, तुमच्या तुरुंगांना प्रशिक्षित माणसं लागतील. मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि सुधार प्रशासन शिकवलं जाऊ लागलं. येरवड्याला कारागृह अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण सुरू झालं, आज ते दौलतराव जाधव यांच्या नावानं ओळखलं जातं. न्यायमूर्ती मुल्ला समितीनं १९८३ च्या अहवालात तर आयएएस, आयपीएससारखी तुरुंगांसाठी अखिल भारतीय सेवा असावी असं सुचवलं. ती सूचना कागदावरच राहिली. नॉर्वेत तुरुंगाच्या साध्या पहारेकऱ्याला दोन वर्षं, पगारासह, कॉलेजात शिकवतात: कायदा, मानसशास्त्र, नीतिशास्त्र. त्यांच्याकडं पैसा जास्त, बंदी कमी, हे मान्य. पण तिथं तुरुंगाच्या नोकरीसाठी मुलं अर्ज करतात आणि निवड होते. 'नाहीतर' म्हणून कुणी येत नाही.

आता पोरांसाठी वाटा सांगतो. वहीत लिहून घेतल्या तरी चालतील.

पहिली वाट तुम्हाला माहीत आहे, शिपाई. बारावी पास, मैदान, लेखी. पुढं हवालदार, सुभेदार. पदवीधरांसाठी तुरुंगाधिकारी, आणि तिथून वर उपअधीक्षक, अधीक्षक. या वाटेवर मी चाललो. रात्रपाळी आहे, सण घरी नाहीत, मोह आहेत. एक मोबाइल, एक पुडी आत पोचवायचे कोणी किती देतं, याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. त्या खोट्या नाहीत. ज्याला एकदा 'नाही' म्हणता येत नाही, त्यानं ही वाट धरू नये. त्याची जागा गेटच्या दुसऱ्या बाजूला तयार असते.

दुसरी वाट फार कमी जणांना माहीत आहे. खात्याच्या तांत्रिक पदांची जाहिरात निघते ती शेवटपर्यंत वाचा. शिक्षक, मिश्रक, शिवणकाम निदेशक, विणकाम निदेशक, बेकरी निदेशक, चर्मकला निदेशक, लोहारकाम निदेशक, ताणाकार, करवत्या, कातारी, जोडारी. आयटीआय केलेल्या पोरानं हे शब्द ऐकून हसू नये. इचलकरंजी इथून जवळ आहे, ताणा म्हणजे काय हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही. आत ज्याला हात चालवायला शिकवलं, तो बाहेर आल्यावर पहिला महिना तगतो. आपल्या कळंब्याच्या कारागृहातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले आहेत. भाविकांनी ते कपाळाला लावून खाल्ले. लाडू कोणाच्या हातचा, हे देवीनं विचारलं नाही. पण पाक एकतारी झाला का, हे तिथं शिकवणाऱ्याला बघावंच लागलं.

तिसरी वाट भिंतीबाहेरची: परिविक्षा. शिक्षा देण्याऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर देखरेखीखाली सोडणं. मुंबई इलाख्यात हा कायदा १९३८ लाच झाला, देशाचा १९५८ ला. परिविक्षा अधिकारी घरी जातो, शेजाऱ्यांशी, मास्तरांशी बोलतो आणि न्यायाधीशांसमोर अहवाल ठेवतो. मुलांच्या बाबतीत तर बाल न्याय कायद्याखालचं सगळं काम या अहवालावर उभं असतं. कोल्हापुरात जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनेचं बालकल्याण संकुल आहे. एकदा जाऊन बघा. ही पदं महिला व बालविकास विभागात येतात, त्यासाठी समाजकार्याची पदवी उपयोगी पडते. एमएसडब्ल्यू करायला मुंबईलाच जावं लागतं असं नाही. कोल्हापूरला सायबर ही संस्था आहे, पुण्याला कर्वे समाजसेवा संस्था आहे.

चौथी वाट वकिलांची. वडगावला न्यायालय आहे, इथल्या कितीतरी घरांत काळा कोट आहे. विधी सेवा प्राधिकरणानं आता पूर्णवेळ बचाव वकिलांची व्यवस्था उभी केली आहे. वकील नसलेलेही विधी स्वयंसेवक होऊ शकतात.

पाचवी वाट संस्थांची आणि संशोधनाची. टाटा संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत, ठाण्यांत, न्यायालयांत समाजकार्यकर्ते बसवतो. मघाशी सांगितलेल्या झोळीवाल्या मुलीसारखी माणसं तिथं पगारावर आहेत. पगार फार नाही, हेही सांगतो. आदर्श कारागृह नियमावली म्हणते, दोनशे बंद्यांमागं एक सुधार अधिकारी आणि पाचशेंमागं एक मानसोपचार समुपदेशक असावा. तुमच्या ओळखीचा कुणी खात्यात असेल तर त्याच्या तुरुंगात किती आहेत विचारा. त्याचं उत्तर ऐकलंत की या क्षेत्रात जागा किती रिकामी आहे ते समजेल.

मुलींसाठी एक वेगळं वाक्य. महिला बराकीत आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल राहू शकतं. त्या मुलानं गाय पाहिलेली नसते, रस्ता पाहिलेला नसतो. झोपायच्या वेळी टाळा लावणारी बाई हीच त्याची रोजची मावशी असते. ती मावशी कशी असावी, ते तुम्ही ठरवा.

प्रश्न येणारच: साहेब, ज्याचं माणूस मेलं त्यानं या सुधारणेचं काय करायचं? रास्त प्रश्न आहे. मी त्याला उपदेश करणार नाही. मी एवढंच सांगतो की जन्मठेपवालासुद्धा बहुधा एक दिवस बाहेर येतो आणि त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर येतो. तो चौदा-वीस वर्षांत आत काय शिकला, याचा पहिला परिणाम त्या दुखावलेल्या घरावरच होणार आहे. राज्य सहकारी बँकेनं येरवड्यात १ मे २०२२ ला 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली, शिक्षा भोगणाऱ्याला त्याच्या आतल्या मजुरीच्या भरवशावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज. मुलीची फी, आईचं औषध. आतल्या माणसाला घराचा कर्ता राहू द्यायचं, हा त्यातला विचार. ज्याला घर उरलंय तो परत येताना जरा खाली मान घालून येतो.

शेवटी एका माणसाची गोष्ट सांगून थांबतो.

जामिनाचे आदेश बहुधा संध्याकाळी पोचतात. कागद तपासून, अंगझडती होऊन, जमा केलेल्या वस्तू परत देऊन माणूस तुरुंगाच्या गेटच्या बाहेर पडतो तेव्हा अंधार झालेला असतो. हातात पिशवी, खिशात थोडे पैसे, अंगावर अटकेच्या दिवशीचे कपडे. उन्हाळ्यात आत गेलेला माणूस थंडीत हाफ शर्टवर बाहेर येतो. गाडी नाही मिळाली तर तो स्टँडवर झोपतो, आणि स्टँडवर रात्री पोलिसांची गस्त असते. बाहेर पडलेल्या पावलाला परत आत जायला तेवढं पुरतं.

माझ्या हाताखाली वारणेकाठचा एक शिपाई होता. रुजू झाला त्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, "जेल का निवडलंस?" तो खरं बोलला, "पोलीस दोन मार्कांनी हुकलं, सर." कामाला बरा होता, बोलायला कमी. पाचएक वर्षांनी एका रात्री मी गेटवर फेरीला गेलो तर रखवालदाराच्या टेबलाशेजारी भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला. स्केच पेननं, रेषा मारून, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: शेवटची एसटी, गावांच्या नावांसमोर वेळा. खाली दोन ओळी होत्या. 'उशीर झाल्यास सकाळपर्यंत थांबू द्यावे, चहा द्यावा. चहाचे पैसे माझ्याकडून घ्यावेत.'

कुणी सांगितलं होतं, विचारलं. म्हणाला, "कुणी नाही, सर. मागच्या महिन्यात एक म्हातारा सुटला, त्यानं मला विचारलं, वडगावला जायला आता काय मिळंल? मला माहीत नव्हतं."

मंडळी, 'नाहीतर जेल' म्हणत आलेला पोरगा तो हाच. सकाळी मैदानावर भेटलेला पोरगाही समोर बसलेला दिसतोय मला. त्याला माझं एवढंच सांगणं: गोळा फेकायची तयारी चालू ठेव. आणि जमलं तर वडगावची शेवटची एसटी किती वाजता, तेही माहीत करून घे.